सात नंबरची शिट्टी

तिन्हीसांजेला हिरा रोज एक प्रश्न विचारायची आणि उत्तर यायच्या आत नळीचं तोंड बंद करायची. बारा वर्षांची होती तेव्हापासून हे चाललं होतं, आणि आता ती बाविशीत होती. दहा वर्षांत उत्तर कधी आलं नव्हतं. आलं असेलही म्हणा... ऐकायचंच नाही असा नियम होता.

आता तुम्ही म्हणाल, ही पोरगी काय भिंतीशी बोलत होती? तर हो, भिंतीशीच!

मालवण बंदरापासून दीड कोसावर, माडांच्या वर डोकं काढून एक टेकाड आहे. त्या टेकाडावर दाजीशेट जहाजवाल्यांनी हॉटेल बांधलं होतं — शिंपलमहाल. हॉटेल म्हणजे खाणावळ नव्हे हं. आगबोटीच्या पहिल्या वर्गातून उतरणारे गोरे साहेब, संस्थानिक, गोव्याचे फिरंगी यांच्यासाठी मांडलेला थाट तो! तांबड्या चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, ब्रह्मी सागवानाचा रुंद जिना, नाचाच्या दालनात काळीपांढरी विलायती फरशी. खिडक्यांना काचा नव्हत्या, शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवले होते. दुपारचं ऊन त्यांतून आत यायचं ते दुधाळ होऊन. न्हाणीघरात वाघाच्या पायांची पांढरीशुभ्र टबं. जेवण वर चढवायला दोरीवरचा लाकडी पाळणा. आणि दाजीशेटांची सगळ्यात लाडकी चीज म्हणजे बोलनळ्या.

वरच्या मजल्यावर सात खोल्या. प्रत्येक खोलीतून एक पितळी नळी भिंतीच्या पोटातून खाली भांडारघरात उतरलेली. दोन्ही तोंडांना शिट्टीची बुचं. वरच्या पाहुण्यानं फुंकर मारली की खाली शिट्टी वाजायची. मग बूच काढून विचारायचं, "काय हवं साहेब?" आणि नळीला कान लावायचा.

सात नंबरच्या नळीचं तेवढं वेगळं. ती खोली पाहुण्यांना कधीच दिली नाही. हॉटेल बांधताना तिथली भिंत तीनदा उभी केली, तीनदा कोसळली. तेव्हा गावच्या मानकऱ्यांनी सांगितलं, ही राखणदाराची, म्हणजे जमीन राखणाऱ्या देवाची, बसायची जागा. दाजीशेटांनी नारळ ठेवून शब्द दिला — घर माझं, पण ही खोली तुझी. तेव्हापासून सात नंबरमध्ये रोज स्वच्छ चादर, तांब्याभर पाणी, आणि तिन्हीसांजेला खालून एकदा विचारणं, "म्हाराजा, काय व्हया?" विचारायचं, पण कान लावायचा नाही. लगेच बूच घालायचं.

सत्तावन्न सालच्या कार्तिकात एका तिन्हीसांजेला हिराच्या हातून ते बूच निसटलं. घरंगळत मेजाखाली गेलं. हिरा गुडघ्यांवर बसून चाचपडत होती... आणि डोक्यावरच्या नळीतून आवाज आला. पुरुषाचा. घोगरा, दमलेला.

"चहा मिळेल का? आणि थोडा उजेड. राहायला जागा मिळाली तर फारच बरं होईल!"

हॉटेलात माणूस म्हणून ती आणि तिचा बापूस. हा बापूस म्हणजे गुणाजी, तिथला जुना खानसामा, आणि तो बाजारात गेलेला. पाहुणा तर दिवाळीपासून एकही नव्हता. पळून जावं असं पायांनी ठरवलं होतं, पण हिराचं डोकं पायांचं ऐकणारं नव्हतं. दहा वर्षं विचारलं काय व्हया म्हणून, आणि आता मागितलं तर पळायचं? तिनं चहा केला, भीतीनं तीन चमचे साखर घातली, कंदील घेतला आणि जिना चढली.

सात नंबरला कुलूप होतं. ते असायचंच. कमरेची किल्ली काढून तिनं ते उघडलं आणि दार ढकललं.

जमिनीवर भिंतीला टेकून एक तरुण बसला होता. कानावर पेन्सिल, गळ्यात मोजपट्टी, केसांत कोळिष्टकं. कंदिलाच्या उजेडानं त्यानं डोळे बारीक केले आणि हसला.

"हा उजेड. तो चहा. आता जागेचं तेवढं बघा."

"तुमी... तुमी माणूस काय?"

"गुरुदास. मुंबईहून आलो, दुपारच्या आगबोटीनं. खाली हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. माणूसच आहे. हात लावून बघा हवं तर."

"हात कित्याक लावू?" हिरानं कंदील पुढे धरला. "आत कसे इलात?"

"दारानं. उघडंच होतं. आत आलो तसं वाऱ्यानं आपटलं, मग काही केल्या उघडेना."

"ह्या दाराक बाहेरसून कुलूप आसता. आणि किल्ली माझ्या कमरेक."

"मग कुलूप काढलं कुणी?"

"आणि परत घातला कोणी?"

खोलीत वारा नव्हता, पण कंदिलाची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. गुरुदासनं घाईघाईनं चहाचा घोट घेतला.

"साखर फार आहे हो."

"देवासाठी केलेली ती. तुमच्यासाठी नाय!"

गुणाजी परतला आणि हे ऐकून मटकन पायरीवर बसला. "काय काय मागलात त्या खोलीतसून? नीट आठवून सांगा."

"चहा... उजेड... आणि राहायला जागा."

"अरे म्हाराजा!" म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "त्या खोलीतसून जो बोलता, तेचा मागणा राखणदार लिवून घेता. मागलेला मिळता. पण मगे पाठी फिरूक गावणा नाय."

गुरुदासला हसू येत होतं, पण हिराचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. दुसऱ्या सकाळी गुणाजीनं सात नंबरच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, मुंबैचा ह्या पोर. अजाणतेपणी तुझ्या जाग्यात बसला, तुझ्या नळीतसून बोलला. चूक पदरात घे आणि मागलेला तेका झेपात तेवढाच दी!"

"व्हय म्हाराजा," हिरा म्हणाली. गुरुदासकडे तिनं डोळे वटारले, तेव्हा तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"अगो बाये! मालवणी येता तुमका?"

"आजी वालावलची. शिव्या सगळ्या येतात. बाकीचं तुम्ही शिकवा."

हिरा हसली. ते हसू दुपारपर्यंत टिकलं. दुपारी तिनं विचारलं, ही मोजमापं कशाला? तो खरं बोलणारा माणूस, खरं ते सांगून बसला. दाजीशेटांचा नातू मुंबईत होता. त्याला अहवाल हवा होता, इमारत दुरुस्त होईल की पाडावी. नातवाचं मन पाडण्याकडेच होतं. सागवान मुंबईला न्यायचं, चिरा इथंच विकायचा, आणि ह्या जागी नवं काही बांधायचं. नव्या कामावर गुरुदासला कायमची नोकरी देऊ असंही त्यानं सांगितलं होतं.

"म्हणजे पाडूक इलात," हिरा म्हणाली.

"मोजायला आलो. पाडायचं की नाही ते घर सांगेल."

"घराक विचारतलात काय?" एवढं बोलून ती आत गेली. ह्या घरात ती जन्मली होती. आई ह्याच घरात गेली, मागच्या ओसरीवर. बाबांची पस्तीस वर्षं ह्याच चुलीपाशी गेली. टेकाडाखाली त्यांचं स्वतःचं म्हणून एक झोपडंही नव्हतं. घर पडलं तर दोघांनी जायचं खंय?

तरी दुसऱ्या दिवशी मोजपट्टीचं दुसरं टोक तिनंच धरलं. का धरलं? तिला विचाराल तर ती सांगेल, खोटं मोजू नये म्हणून. आपण तेवढ्यावर विश्वास ठेवू.

आठ दिवस ते घर मोजत फिरले. नाचाच्या दालनात, जिन्याखाली, कौलांच्या खालच्या अंधाऱ्या माळ्यावर. त्यानं सागवानी तुळईला टोकरलं की ती म्हणायची, "दुखतला तिका." तो पूर्वेकडच्या भिंतीवर गाल टेकवून ओळंबा बघायचा आणि नकळत पुटपुटायचा, "काय बांधलंय, काय बांधलंय!" तो उतरला होता त्या तीन नंबरच्या खोलीतली त्याची शिट्टी तिला ओळखू यायला लागली — दोन आखूड, एक लांब.

"तीन नंबर बोलतोय. चहा मिळेल का?"

"तीन नंबरान सकाळधरना चार चाय पियाली."

"मग चहा नको. नुसतं बोला."

"काय बोलू?"

"काहीही... नळी पितळेची आहे ना, तुमचा आवाज गरम होऊन येतो."

अशा वेळी हिरा बूच घालून टाकायची आणि मग उगाच ते पुसत बसायची. भांडारघरातली सातही तोंडं त्या आठवड्यात लखलखीत झाली.

पण सात नंबरच्या खोलीचं माप काही जमेना. गुणाजीची ताकीद होती, एकट्यानं जायचं नाही. म्हणून हिरा चादर बदलायला जायची तेव्हा गुरुदास मागोमाग जायचा. पहिल्या दिवशी खोली चौदा फूट भरली. दुसऱ्या दिवशी साडेतेरा. त्यानं पट्टी तपासली, दुसऱ्या भिंतीला लावून पाहिली, पट्टी बरोबर होती. तिसऱ्या दिवशी तेरा.

"लहान होतेय," तो हळूच म्हणाला. त्याच्या हातावर काटा उभा राहिलेला तिला दिसला. तिच्याही मानेवर राहिला होता.

"टोक मी घट्ट धरलंय हां. माझी चूक नाय."

"हिरा, मला चेष्टा सुचत नाहीये. भिंती सरकताहेत. आणखी थोडे दिवस राहिलो तर..."

"तर काय?"

"तर तुला नि मला उभं राहायला एकाच फरशीएवढी जागा उरेल."

पहिल्यांदाच त्यानं तिला 'तू' म्हटलं. हिरानं मान खाली घातली. शिंपल्यांच्या खिडकीतून आलेला उजेड दोघांच्या मधल्या फरशीवर पडला होता. पट्टीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या, आणि पट्टी सैल पडली होती. मग भिंतीतली शिट्टी वाजली — अगदी बारीक. खाली फुंकायला कुणी नव्हतं. गुणाजी अंगणात लाकडं फोडत होता, घाव इथवर ऐकू येत होते. दोघंही धडपडत बाहेर पळाली आणि जिन्यावर येऊन हसत सुटली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, आपण ह्याचा हात धरलाय. तिनं तो सोडला, पण लगेच नाही.

अहवाल लिहायच्या दिवशी मात्र त्याची शिट्टी वाजली नाही. संध्याकाळी तो स्वतःच खाली आला.

"पश्चिमेची बाजू वाळवीनं पोखरलीय, हिरा. ते मी लपवणार नाही."

"आणि बाकीचा?"

"बाकीचं शंभर वर्षं हलणार नाही. पण 'दुरुस्त करा' असं लिहिलं तर माझी नोकरी गेली. आई मुंबईत वाट बघतेय, सांगून आलोय तिला की आता कायमचं काम लागतंय."

"माका कित्याक सांगतात? खरा ता लिवा नायतर तुमका व्हया ता लिवा. तुमच्या आवशीक घर आसा. माझ्या बापाशीक नाय!"

"तू एकदा सांग फक्त. सांग, की राहा."

तिला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. पण एखाद्याची भाकर काढून घेऊन त्याला आपलं म्हणायचं? तिच्या तोंडून भलतंच निघालं. "उद्याची आगबोट चुकात. पेटी भरा."

तो वर गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली तशी हिरा घराबाहेरच पडली. त्याला जाताना बघायचं नव्हतं तिला. टेकाडाखाली मासे विकणाऱ्या शेवंतीकडे जाऊन बसली आणि कोळंबी सोलते म्हणून सांगून मुकाट रडली. तीनच्या सुमाराला आगबोटीचा भोंगा ऐकू आला. मग दुसरा, निघाल्याचा. शेवंतीनं तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

दिवस बुडताना ती परतली. भांडारघरात शिरली. काहीही झालं तरी ते काम चुकवायचं नव्हतं. सात नंबरचं बूच काढलं.

"म्हाराजा... काय व्हया?"

आज तिनं बूच घातलं नाही. दहा वर्षांचा नियम मोडून तिनं आपला ओला गाल त्या गार पितळेला लावला, आणि कान.

"मी कुठं जाणार नाही, हिरा." त्याचाच आवाज! घोगरा, दमलेला. "राहायला जागा मागितली होती ना मी? ती तुझ्याजवळची. देशील?"

"दितंय!" हिरा नळीत ओरडली. "दितंय, दितंय... थय कित्याक लपून बसलास मेल्या?" आणि दोन दोन पायऱ्या चढत वर धावली.

सात नंबरला कुलूप होतं. किल्ली कमरेला. तिनं दार उघडलं, आणि आत कुणीही नव्हतं. चादरीवर एक सुरकुती नाही. फक्त तांब्यातलं पाणी हलत होतं, कुणीतरी आत्ताच खाली ठेवल्यासारखं. हिरा दारातच थिजली.

तेव्हा खाली अंगणात पावलं वाजली. तिनं खिडकीचं दार लोटून बघितलं. माडांमधून गुरुदास वर येत होता. खांद्यावर पेटी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, दीड कोस चालून धापा टाकत. ती कशी खाली उतरली ते तिचं तिला कळलं नाही. भांडारघराच्या दारात दोघं समोरासमोर आले.

"आलो," तो म्हणाला. "तूच थांबवलंस, मग मी जाणार कसा?"

"मी? मी खंय थांबवलंय?"

"दुपारी दोनला. मी पेटी बांधत होतो, तीन नंबरची शिट्टी वाजली. तू म्हणालीस, 'जाव नकात. मी तोंडान सांगूचंय नाय, पण जाव नकात.' रडत होतीस. मी खाली धावलो तर इथं कुणी नव्हतं. मला वाटलं लाजून पळालीस. पेटी घेऊन बंदरावर गेलो खरा, पण बोटीत चढलो नाही."

हिराच्या ओठांचा रंग उडाला. "दोनाक मी शेवंतीकडे होतंय. दुपारधरना. तिका विचारा."

"मग कोण..."

"आणि आत्ता? दिवस बुडताना सात नंबरातसून तुमी बोललात. तुमच्याच आवाजान. राहायला जागा मागलात, माझ्याजवळची."

"दिवस बुडताना मी टेकाडाच्या पायथ्याशी होतो, हिरा. चिखलातून पाय काढत होतो."

भिंतीवर सात पितळी तोंडं ओळीनं त्यांच्याकडे बघत होती. हिरा त्याच्या जवळ सरकली. तोही सरकला. घाबरूनच, दुसरं काही नाही असं समजा.

"पण..." तो चाचरत म्हणाला, "राखणदारानं सांगितलं ते खोटं नव्हतं. माझ्या मनातलंच होतं. तुझ्या?"

"माझ्याय."

"मग मी माझ्या तोंडानं सांगतो. उसनं नको. हिरा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. बंदरावर टपालाच्या थैलीत अहवाल टाकला — पश्चिमेची बाजू काढून नव्यानं बांधावी, बाकी घराला हात लावू नये. कारणं आठ पानं लिहिली. नातवाला पटलं तर घर वाचलं. नोकरी मात्र गेलीच म्हणायची."

"आणि तुमची आवस?"

"तिला पत्र टाकलंय. 'सून बघितली, ये' म्हणून."

"माका न इचारता?"

"म्हटलं, तू नळीतून आधीच सांगितलंयस!"

हिरा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग तिनं त्याचा चिखलानं भरलेला हात आपल्या हातात घेतला, आणि ह्या वेळी सोडला नाही. "मी पण माझ्या तोंडान सांगतंय. जाव नको. घर ऱ्हवांदे नायतर पडांदे. तू जाव नको."

तेवढ्यात सात नंबरची शिट्टी वाजली. बारीक, लांबलचक, आणि चांगली खुशीत असल्यासारखी. गुरुदासनं हिराला घट्ट धरलं. हिरानं डोळे मिटून घेतले.

आतल्या चुलीपाशी गुणाजी बसला होता. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. चुलीत एक लाकूड सारलं आणि आधण वाढवलं.

"गो हिरा," तो म्हणाला, "चाय तीन कप कर. जावयाक एक, तुका एक."

"आणि तिसरो तुमका, बाबा?"

"माका नको," म्हातारा म्हणाला. "तिसरो वर नेवन ठेव. साखर जरा जास्त घाल."